काट्यांची नवरी

गुलाबाचे दिवस आले की आमच्या खोऱ्यात बायकांच्या बाह्या कोपराच्या वर जातात. पहाटे झुडपं दंवानं ओली असतात. बाही भिजली की जड होते, काट्यात अडकते आणि कळी मोडते. म्हणून मुकादमीण वेलिका उजाडायच्या आत ओळीच्या तोंडाशी उभी राहून एकेकीला बजावते, बाही वर, बाही वर. मग काट्यांना रान मोकळं. त्या दिवसांत गावातल्या कुठल्याही बाईचा हात धरून बघा, मनगटापासून वरपर्यंत ओरखडे. पावाचं पीठ मळताना मीठ झोंबतं, चीज काढताना पाणी झोंबतं, पण कुणी कुणाला काही विचारत नाही.

नेदाची लेक रुसाना एरवी बारा महिने लांब बाह्यांत असायची. गवत उलथायच्या भर उन्हातसुद्धा बाही मनगटाशी बटण लावून बंद. आजी, म्हणजे नेदाची सासू तोता, म्हणायची, पोर लाजाळू आहे, बरंच आहे. फक्त गुलाबाच्या दिवसांत रुसाना सगळ्यांच्या आधी बाह्या दुमडायची, सगळ्यांच्या आधी ओळीत शिरायची. कमरेला बांधलेली ओटी भरली की पाटीत रिकामी करायची आणि परत. वर गाणं म्हणायची, ते आमच्या बायका म्हणतात तेच, पण तिच्या तोंडी ते वेगळं लागायचं:

काट्या रे काट्या, हात माझा घे,
दंवाची कळी मला तेवढी दे,
हात भरेल, पाटी भरेल,
माझ्या मायेला काय गं कळेल.

नेदा पलीकडच्या ओळीतून ऐकायची आणि मनात म्हणायची, गुलाब मानवतो माझ्या पोरीला.

शेवटच्या दिवशी तोडणी उरकली की आमच्याकडे हात दाखवायचे असतात. बायका बांधावर गोल बसतात, मुकादमीण एकेकीचा हात उन्हात धरते आणि सगळ्यांना दाखवते. जिचा हात सगळ्यांत जास्त ओरबाडलेला, ती त्या वर्षीची गुलाबाची नवरी. तिच्या डोक्यावर फुलांचा गजरा आणि हातांवर भट्टीतलं पहिलं गुलाबपाणी. त्या वर्षीही बसल्या. वेलिकानं एकीचा हात धरला आणि म्हणाली, "हे काय, फुलं तोडलीस का पाद्रीणबाईशेजारी बसून पोथी वाचलीस?" बायका हसल्या. दुसरीच्या हाताला म्हणाली, हा हात नवऱ्याच्या गळ्यातच जास्त असतो. असं करत करत ती रुसानापाशी आली.

तिनं रुसानाचा हात धरला, उताणा केला. अंगठा मनगटावरून कोपराकडे नेला. मध्येच तो थांबला. मग वेलिकानं तो हात एकदम उंच केला, झेंड्यासारखा, आणि म्हणाली, "बघा गं, याला म्हणतात हात."

बायकांनी टाळ्या वाजवल्या. नेदा अगदी जवळ बसली होती. ऊन हातावर सरळ पडलं होतं. काट्याचा ओरखडा कसा असतो ते तिला शिकवायला नको होतं. तो वाकडा जातो, मध्येच तुटतो, पुन्हा भलतीकडूनच निघतो. तसे ओरखडे होतेच. पण त्यांच्या खाली दुसरे होते, एकाशेजारी एक, नांगराच्या तासांसारखे सरळ, काही जुने, पांढरे पडलेले. काटा असा ओळीनं चालत नाही.

डोक्यावर गजरा बसला. गुलाबपाणी ओतलं, तशी रुसाना ओठ दाबून हसली. तिनं आईकडे पाहिलं. आईनं तिच्याकडे पाहिलं. आणि नेदानंही टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर नेदानं तो गजरा खिडकीत टांगला. पोर गाढवीला पाणी पाजायला गेली तेव्हा तिच्या मागे गेली, तिची बाही हातात धरली आणि धरूनच उभी राहिली. रुसाना म्हणाली, "कळलं ना तुला." नेदा म्हणाली, हो. "मग विचारू नकोस, का म्हणून. मला सांगता येत नाही." गाढवी पाणी पीत राहिली.

पेन्चोला, म्हणजे रुसानाच्या बापाला, सांगावंच लागलं. तो दारात बसून विळ्याला धार लावत होता. ऐकलं आणि धार लावायची थांबवली. मग उठला आणि घरातले चाकू, सुऱ्या, कात्री, आजीच्या सुयासुद्धा एका डब्यात घातल्या, डबा पेटीत घातला आणि पेटीची किल्ली गळ्यात बांधली. त्या दिवसापासून आमच्या गावात पहिल्यांदाच असं घर झालं की जिथं पाव फक्त बाप कापतो. सगळे टेबलाशी बसायचे, तो गळ्यातून किल्ली काढायचा, सुरी आणायचा, एकेकाला तुकडा द्यायचा, सुरी पुसायची, परत न्यायची. तोवर शेंगांचं सूप निवायचं. रुसाना दोन्ही हात मांडीवर ठेवून तुकड्याची वाट बघायची. पेन्चो वाईट माणूस नव्हता. पाव कापताना तिचा तुकडा नेहमी जाड पडायचा. पण तो देताना तिच्याकडे बघायचा नाही.

तोता आजीला एवढंच कळलं की पोर भ्यायली आहे. भ्यायलेल्याचं औषध आमच्याकडे एकच, शिसं ओतायचं. वरच्या आळीच्या घेनाबाईला बोलावलं. तिनं रुसानाच्या डोक्यावर पांढरं फडकं टाकलं, फडक्यावर पाण्याचं भांडं धरलं आणि वितळलेलं शिसं त्यात ओतलं. चर्र झालं. घेनाबाईनं गोळा बाहेर काढला, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, यात कुत्रा दिसतोय, त्यालाच भ्यायली. तोता आजीनं लगेच मांडीवर हात मारला. लहानपणी खालच्या वाड्यातला काळा कुत्रा मागे लागला होता, आठवतं का कुणाला. पेन्चोलाही आठवलं. त्या दिवशी घरात जरा हसू आलं, पेन्चोनं घेनाबाईला प्लमची दारू पाजली. फडक्याखालून रुसाना म्हणाली, तो कुत्रा चावलाच नव्हता. तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

चेरीचे दिवस सरत आले तेव्हा रुसाना स्वतःच बोलली. नेदा अंगणात धुणं वाळत घालत होती. रुसाना चिमटे देत होती. म्हणाली, "आई, मला शहरात डॉक्टरकडे ने. दर आठवड्याला येते त्या नर्सबाईला मी विचारलंय. ती म्हणाली, पिवळ्या फाटकापाशी एक बाई डॉक्टर आहे, गुरुवारी बसते. चांगली आहे म्हणाली."

पिवळं फाटक म्हटलं की आमच्या खोऱ्यात लहान पोरंसुद्धा डोक्याशी बोट फिरवतात. बसचा थांबा आहे तिथं. त्याला दुसरं नावच नाही आणि तिथं दुसरं काही नाहीही, वेड्यांच्या दवाखान्याची एक लांब भिंत आणि ते फाटक. त्या थांब्यावर जो उतरला त्याची सोयरीक तुटली, त्याच्या भावाची तुटली, त्याला भट्टीवर कुणी आग राखायला ठेवत नाही. नेदाच्या हातातली ओली चादर खाली आली.

"तिथं गेलीस तर जन्मभर तिथलीच राहशील," ती म्हणाली.

"आणि नाही गेले तर?"

नेदानं चादर परत उचलली, झटकली. तिला धूळ लागली होती. ती पुन्हा धुवायला घेतली.

पेन्चोनं युक्ती काढली. जायचं तर दाताला जातो म्हणायचं. आणि एक थांबा आधी उतरायचं, पिठाच्या गिरणीपाशी, तिथून चालत जायचं. आयुष्यात तो पोरीसाठी जे करू शकला त्यात हे एक होतं. ते त्यानं मन लावून केलं. गिरणीपासूनची वाट तो स्वतः जाऊन बघून आला, कुठं सावली आहे, कुठं कुत्री आहेत. परत येऊन नेदाला सांगितलं. रुसानाला नाही.

पहिल्या गुरुवारी दोघी गिरणीपाशी उतरल्या. बसचा ड्रायव्हर मिन्को आमच्याच गावचा, जिभेचा सैल. म्हणाला, "दाताला ना? मग गिरणीत काय दळायला चाललात?" नेदा म्हणाली, पाय मोकळे करतो. दोघी भिंतीच्या कडेनं चालल्या. नेदानं काळा रुमाल कपाळावर ओढला होता. रुसानानं मात्र ओढला नव्हता. ती फाटकातून आत शिरली तेव्हा तिची मान सरळ होती.

आत पिवळं काही नव्हतं. हिरवट भिंती, लाकडी बाकं, खिडकीत जिरेनियमची कुंडी. रुसाना आत गेली, दार लागलं. नेदा बाकावर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत चीजचे पाव, कारण कुठंही रिकाम्या हातानं जायचं नाही. समोरच्या बाकाच्या टोकाला एक बाई भिंतीकडे तोंड करून बसली होती. रुमाल असाच कपाळावर ओढलेला. नेदानं तिचे हात ओळखले आधी. एवढी वर्षं त्या हातांनी तिची पाटी तोलली होती.

वेलिका.

वेलिकालाही कळलं. ती हलली नाही. नेदानं आपली नजर कुंडीवर ठेवली. दोघी एकाच गावच्या, एकाच चर्चमध्ये मेणबत्ती लावणाऱ्या, एकमेकींच्या बाळंतपणाला उभ्या राहिलेल्या, आणि त्या व्हरांड्यात दोघी अशा बसल्या जणू समोर भिंत आहे आणि भिंतीच्या पलीकडे दुसरा देश. नर्सनं वेलिकाचं नाव पुकारलं. ती लगेच उठली नाही. नाव दुसऱ्या कुणाचं असावं अशी ती थोडी थांबली. मग उठली, नेदाच्या पायांपाशी नजर ठेवून आत गेली. बाहेर आली तेव्हा गोळ्यांचं पाकीट मुठीत होतं आणि मूठ कोटाच्या खिशात.

रुसाना बाहेर आली. रडली होती, पण चेहरा पावसानंतरच्या अंगणासारखा झाला होता. परत गिरणीकडे चालताना तिनं पिशवीतला पाव काढून खाल्ला, चालता चालता. किती दिवसांनी तिनं स्वतः काढून काही खाल्लं. म्हणाली, "तिनं मला का म्हणून विचारलं नाही, आई. कधीपासून, असं विचारलं. मग मला सांगता आलं." थोडं चालून म्हणाली, "हा आजार आहे म्हणाली. बरा होतो म्हणाली, वेळ लागतो. तसं करावंसं वाटलं की आधी कुणाला तरी हाक मारायची, एवढं करून बघ म्हणाली. पुढच्या गुरुवारी ये म्हणाली. एक गुरुवार ते दुसरा गुरुवार, एवढं मला जमेल."

नेदाला आनंद झाल्यासारखं वाटलं. आणि लगेच दुसरं आठवलं. "वेलिका होती तिथं," ती म्हणाली. रुसाना म्हणाली, "असेल. तीही माणूसच आहे." आणि दुसरा पाव काढला.

पुढचे काही गुरुवार बरे गेले. एकदा, रात्री नाही, दुपारी, भर कामात रुसानानं आईला हाक मारली, नुसतं आई म्हणाली आणि कोठाराच्या दारात बसून राहिली. नेदा हातातलं टाकून तिच्याजवळ बसली. ऊन सरकेपर्यंत बसल्या. बस एवढंच, आणि ते पुरलं. त्या दिवशी पेन्चोनं सुरी टेबलावरच राहू दिली, जेवण होईपर्यंत.

मग लव्हेंडरची कापणी आली.

लव्हेंडर विळ्यानं कापतात. सकाळी बायका उतारावर जमल्या, सगळं जांभळं, मधमाश्यांचा नुसता घूं आवाज. वेलिका गाडीपाशी उभी राहून विळे वाटत होती. एकेकीचं नाव, एकेकीला विळा. नेदाला दिला. मागे रुसाना उभी होती, बाह्या दुमडून, हात पुढं केलेला. वेलिकानं तिच्या हातावर पेंढ्या बांधायचा सुतळीचा गुंडा ठेवला.

"तू बांध," ती म्हणाली.

रुसाना म्हणाली, मी कापते, काकू, मागच्या वर्षी कापलंच की. वेलिका दुसरीकडे बघत म्हणाली, "तुझ्या हातात विळा द्यायचा नाही असं ठरलंय."

कुणी ठरवलं, ते विचारायची गरज नव्हती. बायका जमिनीकडे बघत होत्या. एकीनं दुसरीला कोपर लावलं. नेदाला तेव्हा कळलं की गेल्या रविवारी चर्चच्या पायरीवर बायका तिच्याशी एवढ्या गोड का बोलल्या, दुकानदारीण हातात सुटे पैसे न देता फळीवर का ठेवत होती. सगळ्यांना माहीत होतं. वेलिकानं आधी सांगून टाकलं होतं, म्हणजे मग तिच्याविषयी कुणी काही सांगितलं तर ते सूड म्हणून जाईल.

एक म्हातारी दया आल्यासारखं बोलली, जाऊ दे गं, पोरीचे हात बघ कसे झालेत.

"गुलाबाचे काटे आहेत ते," नेदा म्हणाली.

वेलिका म्हणाली, "गुलाब संपून किती दिवस झाले, नेदा."

नेदाच्या तोंडात शब्द आला होता. व्हरांडा, बाक, खिशातली मूठ. एवढं बोलायचं होतं आणि सगळ्या माना वेलिकाकडे वळल्या असत्या. तिनं वेलिकाकडे पाहिलं. वेलिकाच्या डोळ्यांत नुसतं वाट बघणं होतं, शिसं ओततात तेव्हा फडक्याखालच्या माणसाचं असतं तसं. नेदाचा शब्द परत गेला. तो चांगुलपणानं गेला का भीतीनं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही. कारण बोलायचं तर आपणही तिथं होतो हे बोलावं लागलं असतं.

रुसानानं दिवसभर पेंढ्या बांधल्या. तिनं बाह्या खाली ओढल्या होत्या, बटण मनगटाशी बंद. लव्हेंडरचा वास आणि घाम. जेवणाच्या वेळी बायका झाडाखाली गोल बसल्या आणि त्या गोलात नेदाच्या शेजारी एका माणसाची जागा मोकळी राहिली. रुसाना गाडीच्या सावलीत एकटी बसली.

घरी पेन्चो म्हणाला, पुरे आता. दात संपले म्हणायचं. सगळ्यांना कळलं, आता कशाला जायचं. रुसाना म्हणाली, "सगळ्यांना कळलं, मग आता लपून कशाला जायचं?" पेन्चोनं सुरी पुसली आणि पेटीत नेऊन ठेवली. किल्लीचा आवाज झाला. तोता आजी म्हणाली, घेनाबाईला परत बोलवू का.

गुरुवारी नेदा तिच्याबरोबर निघाली. नेसूचं चांगलं नेसली, पिशवीत पाव घेतले. जायचं हे तिनं रात्रीच ठरवलं होतं. बसमध्ये निम्मं गाव होतं, बाजाराचा दिवस होता. पुढच्या बाकावर वेलिका होती, मांडीवर कोंबडी बांधलेली टोपली, बाजाराला चाललेय असं सांगायला. मिन्कोनं आरशातून पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "पुन्हा दाताला? त्या पोरीच्या तोंडात आहेत तरी किती दात?" बस हसली. सगळी बस. नेदानं खिडकीबाहेर पाहिलं, सूर्यफुलं चालली होती.

गिरणी आली. नेदा उठायला लागली, तर रुसानानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. बस पुढं निघाली. मग रुसाना उभी राहिली, दांड्याला धरून पुढं गेली आणि साध्या आवाजात, पाव मागावा तशा, म्हणाली, "मिन्कोदादा, पिवळ्या फाटकापाशी थांबव."

हसणं एकदम थांबलं. टोपलीतली कोंबडी तेवढी कुरकुरली. मिन्कोनं बस थांबवली, दार उघडलं. रुसाना पायरीवर उतरली, मग वळली. तिनं बाह्या दुमडल्या होत्या. तिनं आईकडे पाहिलं आणि वाट बघितली.

नेदाला उठायचं होतं. हे लिहून ठेवा, तिला उठायचं होतं. तिनं पिशवीचे कान धरले, पाय सरकवले. आणि सगळी बस तिच्याकडे बघत होती. माना वळवून, निवांत. ती उठली नाही. तिनं रुमाल कपाळावर ओढला आणि खिडकीकडे तोंड केलं, जसं त्या व्हरांड्यात कुणी भिंतीकडे केलं होतं. दार मिटलं. भिंतीच्या कडेनं पोर चालत गेली, मान सरळ, मागे बघितलं नाही.

पुढचा थांबा गुरांच्या बाजाराचा, बराच लांब. तिथं नेदा उतरली. तिच्या मागून वेलिका उतरली. बस गेली. वेलिकानं कोंबडीची टोपली तिथंच एका टरबूजवाल्याच्या पायाशी ठेवली, लक्ष ठेव म्हणाली, आणि दोघी आल्या वाटेनं उलट्या चालायला लागल्या. एक पुढं, एक मागं, एकाच फाटकाकडे. ऊन डोक्यावर आलं होतं. डांबर मऊ झालं होतं, टाचा रुतत होत्या.

मागून वेलिका म्हणाली, "हात दाखवले त्या दिवशीच माझ्या अंगठ्याला कळलं होतं. म्हणून हात उंच धरला. उंच धरलेला हात कुणी नीट बघत नाही."

नेदा न थांबता म्हणाली, "मग विळा का नाही दिलास?"

"तू मला तिथं पाहिलंस ना."

नेदा चालत राहिली. रागवावं असं तिला वाटलं, पण राग धरायला हात मोकळा नव्हता, पिशवी होती. पिशवीतल्या पावांचं तूप कागदातून उतरून पदराला लागत होतं.

फाटकापाशी पोचल्या तेव्हा वेलिका मागे थांबली, नेदाला आत जाऊ द्यावं आणि मग आपण वेगळं यावं म्हणून. नेदा आत गेली. व्हरांड्यातलं बाक रिकामं होतं. डॉक्टरबाईंचं दार बंद होतं आणि आतून रुसानाचा आवाज येत होता, शब्द नव्हे, नुसता आवाज, सलग, गुलाबाच्या ओळीतून गाणं म्हणताना यायचा तसा. नर्सनं मान वर केली आणि विचारलं, आत मुलगी आहे तिच्याबरोबर आलात का तुम्ही.

नेदानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही," ती म्हणाली. "ती एकटी आली."